जुन्या गाडीत दोन इवायांचं ऑइल

माझ्या बाबांनी गाडी चालवणं सोडलं ते एका बाभळीमुळे. केनवडला आमच्या वावराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी ते बराच वेळ हॉर्न वाजवत थांबले होते. समोर बैल उभा आहे आणि हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मागून येणारा एक माणूस उतरला आणि म्हणाला, "काका, हा बैल नाई, बाभूय हाये. अन् ते रस्त्यात नाई आली, तुमीच रस्ता सोडून तिच्याकडं आले." बाबांनी गाडी वळवली. घरी आले, किल्ली देवाजवळ ठेवली आणि मला फोन लावला.

"माय, गाडी तुह्याकडं घेऊन जा."

मी म्हटलं, "भाऊ आहे ना तिथं."

"त्याच्याजवळ नवी हाये. तो हिले आंगनात ठेवून देईन अन् हिच्यात कोंबड्या अंडे देतीन. तू चालवशीन."

मी चालवणार हे खरं होतं. चाळिशी उलटल्यावर मी हट्टानं गाडी शिकले होते. अनसिंगजवळ आमची थोडी बागायत आहे. वांगी, टमाटे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा माल निघतो. माल जास्त असला की टेम्पो सांगायचा आणि कमी असला की आमच्या यांनी मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना पोती लटकवून वाशीमला न्यायचा, असं चाललं होतं. मेथीच्या जुड्या बाजारात पोचेपर्यंत वाऱ्यानं अर्ध्या होऊन जायच्या. गाडी मिळाली तर मला हवीच होती.

गाडी पांढरी, पेट्रोलवरची, बाबांनी हळदीच्या एका चांगल्या वर्षी घेतलेली. रंग आता पांढरा म्हणण्यापेक्षा ताकासारखा झाला होता. भाऊ चालवत घेऊन आला, बाबा शेजारी बसून आले. मागच्या सीटवर एक उशी, काच पुसायचा जुना बनियन, आणि इंजन ऑइलचे सीलबंद डबे. लग्नात बाबांनी मला भांडीकुंडी दिली तेव्हासुद्धा एवढ्या गंभीरपणे काही हातात ठेवलं नव्हतं.

"हे वीस-पन्नास हाये," बाबा म्हणाले. "हिले मी जलमभर हेच पाजलं. दुसरं पाजू नोको."

ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबांनी ओट्यावर बसून समजावलं. पहिला आकडा ऑइल थंडीत किती पातळ राहतं त्याचा, दुसरा इंजन तापल्यावर ते किती जाड राहतं त्याचा. आकडा जेवढा मोठा तेवढं ऑइल जाड. जुन्या इंजनाच्या आत घासून घासून फटी पडतात, म्हणून त्याला जाड ऑइल पाहिजे, असा बाबांचा हिशेब.

हे सगळं चाललं असताना ओट्याच्या दुसऱ्या टोकाला माझे सासरे बसले होते. मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तुह्या बाबाले इचार, चहात साखर चालते का."

बाबा तिथेच, आठ-दहा हातांवर बसलेले. पण ते दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. माझ्या लग्नाच्या दिवसापासून हे असंच होतं. भांडण म्हणावं तर कधी आवाज चढला नाही, अबोला म्हणावं तर एकमेकांची खुशाली बरोबर विचारायचे, फक्त माझ्यामार्फत. "तुह्या सासऱ्याले म्हन पाऊस बरा झाला." "तुह्या बाबाले सांग, तिकडं झाला असन." इवाई म्हणजे व्याही, आमच्याकडे इवायांचा मान मोठा असतो, आणि या दोघांनी तो इतका जपला होता की तो ओलांडून एकमेकांपर्यंत कोणालाच पोचता येत नव्हतं. कारण विचारलं तर दोघंही हात झटकायचे. "सोड वं, जुनी गोष्ट हाये."

बाबा आणि भाऊ गेले, त्यांची पाठ वळली, आणि मामाजी उठून गाडीजवळ गेले. बोनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, तिच्यावरचं ऑइल अंगठ्याला लावलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मला वाटलं आता जिभेवर ठेवतात की काय. मामाजींचं सगळं आयुष्य डिझेल इंजनांबरोबर गेलेलं. विहिरीवरचं इंजन, मग ट्रॅक्टर. घरात कोणाला ताप आला तरी ते आधी छातीला कान लावून आवाज ऐकतात.

"हे ऑइल नाई, हे काकवी हाये," ते म्हणाले. "थंडीत इंजनाले कसं चढन हे? तुह्या बाबानं बिचारीले जलमभर उपाशी ठेवलं."

"मग कोणतं टाकू?"

"ट्रॅक्टरचं हाये ना आपल्या ड्रमात. इंजन ते इंजन."

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला, गाडी कशी आहे विचारायला. मामाजी काय म्हणाले ते मी सांगायला नको होतं, पण ते माझ्या तोंडून निघून गेलं. मग बाबा म्हणाले, "त्याह्यले सांग, ते पेट्रोलची गाडी हाये, तिले नांगर नाई लावाचा."

मी सांगितलं. मामाजींनी उत्तर दिलं. मी तेही पोचवलं. असं रोज सुरू झालं. मी मेथी खुडत असायची आणि फोन खांद्यात धरून एका म्हाताऱ्याचा ऑइलवरचा विचार दुसऱ्याला ऐकवत असायची. माझ्या दिराला, जो पुण्याला नोकरीला आहे, ही बातमी लागली, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या वरताण केली. "वहिनी, त्या दोघांचं ऐकू नका. झिरो-ट्वेंटी टाका, फुल सिंथेटिक. पाण्यासारखं पातळ असतं." दिवाळीला येताना तो एक चकचकीत डबा घेऊनच आला. पाण्यासारखं पातळ हे शब्द ऐकून दोन्ही म्हाताऱ्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण शब्द तेच होते: "पानीच टाकाचं तं हापशीचं टाक."

गाडीबरोबर आलेलं छोटं पुस्तक मी उघडून पाहिलं. त्यात थर्मामीटरचं चित्र होतं आणि त्याच्याशेजारी ऑइलच्या आकड्यांच्या पट्ट्या. आपल्याकडे ऊन किती, थंडी किती, त्याप्रमाणे निवडा असा त्याचा अर्थ. वाशीमला उन्हाळ्यात डांबर वितळतं आणि पौषात सकाळी तोंडातून वाफ निघते. आमच्या हवेला त्यातल्या तीन तरी पट्ट्या चालत होत्या. दिराचा आकडा मात्र त्यात कुठे नव्हता, त्यामुळे तो डबा सासूबाईंनी शिलाई मशीनसाठी मागून घेतला.

थंडी पडली आणि मामाजींचं म्हणणं मला थोडं पटायला लागलं. सकाळी सकाळी गाडी सुरू केली की इंजनातून टकटक आवाज यायचा, सुतारपक्षी झाडाला ठोकतो तसा. जाड ऑइल खालून वर चढेपर्यंत तो चालायचा, मग गाडी शांत व्हायची. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारं मानूस सकायी उठल्यावर खोकत नाई का?"

अशात नणंदेच्या मुलाचं साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. मुलगी आसेगावची. मामाजी नवरदेवाचे आजोबा, त्यांना वेळेवर पोचणं भाग होतं. बाबा त्याच सुमारास वाशीमला डोळे दाखवायला आले होते आणि आमच्याकडेच मुक्कामाला होते. नणंदेनं त्यांनाही आग्रहानं बोलावलं. आमचे हे आदल्या दिवशीच मदतीला पुढे गेले. मी गाडी न्यायची, माझ्याबरोबर सासूबाई, मामाजी आणि बाबा, असं ठरलं. जेवताना मी सहज बोलून गेले, "गाडीतलं ऑइल जरा कमी वाटतं. उद्या आल्यावर भरीन."

एवढंच बोलले मी. दोघांनीही ताटातून मान वर केली नाही.

सकाळी निघालो. सासूबाई माझ्या शेजारी, मांडीवर ओटीच्या सामानाची मोठी स्टीलची परात. तिच्यात साडी, नारळ, फळं, वरून लाल कापड. मागे दोघं इवाई, दोन दारांना चिकटून, मधे बाबांची उशी. दोघंही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मामाजींच्या डोक्यावर नवी टोपी. गाडीत अत्तराचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

वाशीम मागे पडलं आणि मंगरूळपीरच्या रस्त्याला लागल्यावर अत्तराच्या वासात दुसराच वास मिसळायला लागला. काहीतरी करपल्यासारखा.

"हे कायचा वास येऊन राह्यला?" सासूबाई म्हणाल्या.

मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसत नव्हता. रस्ताच काय, मागे काहीच दिसत नव्हतं, नुसता निळसर धुराचा लोट. त्या लोटातून खोकत खोकत एक मोटारसायकलवाला बाहेर आला, आमच्या खिडकीजवळ आला आणि ओरडला, "काकू, गाडी चालवून राह्यल्या का डास मारून राह्यल्या?"

मी कडुलिंबाच्या एका झाडाखाली गाडी घेतली आणि बंद केली. खाली उतरून बोनेट उघडलं. बाबा आणि मामाजी दोन्ही बाजूंनी उतरून आले. मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑइल त्या दोघींच्या मधे पाहिजे. आमचं ऑइल वरच्या खुणेला मागे टाकून पार पट्टीच्या मानेपर्यंत आलं होतं.

"हे एवढं वर कसं आलं?" मी म्हटलं. "काल तर कमी होतं."

मामाजी कडुलिंबाच्या फांद्या बघायला लागले. बाबा चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "आता बोला ना. पहाटे तं दोघंबी गाडीची पूजा करून राह्यले होते."

"दोघं?" मी म्हटलं.

"हो ना. पयले हे आले, लोटाभर काहीतरी ओतून गेले. मी गोठ्यात होती. मंग तुहे बाबा आले फिरून, त्याह्यनं डबा ओतला. मले वाटलं तूच सांगतलं असन."

मामाजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मामाजींकडे पाहिलं. आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ते एकमेकांशी थेट बोलले.

"तुमी ट्रॅक्टरचं ऑइल टाकलं हिच्यात?" बाबा म्हणाले.

"अन् तुमी ते काकवी टाकली?"

"माही गाडी हाये."

"दिली ना पोरीले? मंग आता आमच्या घरची हाये."

"टाकाच्या आधी पट्टी पाहाची नाई का?"

"मी पाह्यली! मी टाकलं तवा बराबर झालं. तुमी पाह्यली का?"

बाबा जरा अडखळले. "अंधार होता," ते म्हणाले.

"अंधार नाई. तुमाले दिसत नाई. बाभयीले हॉर्न वाजवनारा मानूस तुमी."

मला वाटलं आता संपलं. वीस-बावीस वर्षं जपलेला मान त्या कडुलिंबाखाली फुटला. बाबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "अन् तुमी? वरात येळेवर आनता आली नाई तुमाले, अन् इंजनाच्या गोष्टी सांगता?"

"कशी आनू?" मामाजींचा आवाज चढला. "गाडी रस्त्यात बंद पडली. अर्धं वऱ्हाड उन्हात बसेल होतं. तुमाले निरोप धाडला. एक गाडी पाठोता आली नाई तुमाले? आमी पायी चालत आलो तुमच्या मांडवात. नवरदेव घामानं भिजेल!"

"मी ट्रॅक्टर पाठोला होता!"

"खोटं नोका बोलू. ट्रॅक्टर आलाच नाई."

"आला होता," बाबा म्हणाले आणि एकदम थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "ट्रॅक्टर गेला. रस्त्यात वऱ्हाड दिसलं. ड्रायव्हरनं त्यायले बसवलं अन् आनलं. मांडवात उतरल्यावर समजलं का नवरदेव दुसराच हाये."

रस्त्यावरून एक बस गेली.

"दुसरा नवरदेव?" मामाजी म्हणाले.

"बाजूच्या गावचा होता. त्यायचीबी गाडी बंद पडेल होती. आमी त्यायले ओवाळाले ताट आनलं, अन् त्यायच्यातली एक म्हातारी म्हने, हे आपली नवरी नाई वाटत. मंग घाईघाईनं त्यायले परत ट्रॅक्टरवर बसवलं, त्यायच्या गावाले धाडलं. तवरिक तुमी पायी आले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? माह्या पोरीच्या मांडवात दुसराच नवरदेव उतरला म्हनून? लाज वाटली मले. मंग तुमी नाराज दिसले, मीबी गप राह्यलो."

मी हातात पट्टी धरून उभी होते. त्या दिवशी मी आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं बसले होते, बाहेर बँड वाजतोय ऐकून पदर सारखा केला होता, मग बँड थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मला वाटलं होतं वाजवणारे पाणी प्यायला थांबले असतील. मी विचारलं, "बाबा, तो दिसायला कसा होता?"

"कोन?"

"नवरदेव. पहिला."

बाबांनी मनापासून आठवून पाहिलं. "बरा होता. उंच होता. फेटा वाकडा होता."

गाडीतून सासूबाईंचा हसण्याचा आवाज आला. त्या परात हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून हसत होत्या आणि परातीतली फळं उड्या मारत होती. मग मामाजींचे खांदे हलायला लागले. ते आधी आवाज न करता हसले, मग डिझेल इंजन पकडतं तसे भकभकून हसले. बाबा थोडा वेळ रागातच उभे राहिले. पण मामाजींनी हसता हसता विचारलं, "त्याले ओवाळलं का मंग?" आणि बाबांचाही धीर सुटला. "अर्धं ओवाळलं होतं," ते म्हणाले.

पण गाडी तर चालवायची होती. जास्तीचं ऑइल आत असताना चालवली तर ते इंजनात घुसळून सगळं बिघडवेल, असं दोघांचंही म्हणणं, आणि आता ते म्हणणं एकमेकांना सांगून ठरत होतं. इंजनाच्या पोटाशी ऑइल साठतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या तळाचा बोल्ट ढिला करून जास्तीचं ऑइल काढायचं ठरलं. पाना गाडीत होता. प्रश्न होता ऑइल धरायचं कशात.

दोघांचेही डोळे एकाच वेळी परातीवर गेले.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या ओटीच्या परातीत इंजनचं ऑइल? त्यापेक्षा मी माघारी जातो."

शेवटी पाण्याची कॅन रिकामी केली आणि बाबांनी नारळासाठी आणलेल्या कोयत्यानं तिचं एक अंग कापलं. इंजन निवू दिलं. मी गाडीचं एक चाक रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर चढवलं. मामाजींनी नवी टोपी सासूबाईंकडे दिली, जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकले. बाबा गुडघ्यांवर बसून कॅन पुढे धरत होते.

"थोडंसं ढिलं करा," बाबा म्हणाले.

"करून राह्यलो."

"आता बस."

"अजून येऊ द्या. सूनबाई, पट्टी पाय."

मी पट्टी पाहायची, सांगायची, ते पुन्हा थोडं सोडायचे. शेवटी ऑइल खुणांच्या मधे आलं. मामाजींनी बोल्ट आवळला आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. बाबांच्या धोतरावर काळा नकाशा उमटला होता. ते काढलेलं ऑइल त्यांनी रस्त्यावर फेकू दिलं नाही. कॅन परातीपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब, डिकीत ठेवली.

आसेगावला आम्ही उशिराच पोचलो. मुलीकडचे लोक मांडवाच्या दारात उभे होते. नणंदेनं आपल्या वडलांचा अवतार पाहून कपाळावर हात मारला. मुलीच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं इवाई?" आणि मामाजींनी, काळ्या हातानं बाबांच्या काळ्या हाताकडे बोट दाखवत, पहिल्यापासून सगळं सांगितलं, ट्रॅक्टर आणि दुसरा नवरदेव धरून. एवढे लोक हसले की मुलगी आतून बघायला आली. आमचे हे तेवढे हसले नाहीत. ते कोपऱ्यात येऊन मला हळूच म्हणाले, "फेटा वाकडा होता म्हने?" मी म्हटलं, "मी पाहिला का?"

परतल्यावर इंजनातलं ते मिश्रण सगळं काढून नवं भरणं आलंच. वाशीमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, तुम्ही डबा आणून द्या, मी टाकतो. त्याला या भांडणात पडायचं नव्हतं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. मी दोघांना बरोबर घेऊन ऑइलच्या दुकानात गेले. माझ्या मनात एक विचार होता. थंडीतली टकटक मला नको होती, म्हणून बाबांच्या ऑइलपेक्षा पहिला आकडा कमी पाहिजे. पण उन्हाळ्यात बाजारात गाडी तापत उभी राहते, तेव्हा ऑइल पार पातळ होऊन चालणार नाही. गाडी जुनी, थोडं ऑइल खाते, म्हणून दिराचा आकडा तर नाहीच.

"मामाजी, तुमच्या ड्रमावर कोणता आकडा आहे?" मी विचारलं.

मामाजींना ते माहीत नव्हतं. ते ड्रम रंगावरून ओळखायचे. घरी फोन लावला. सासूबाईंनी ड्रमाजवळ जाऊन, धूळ पुसून, मोठ्यानं वाचलं, "पंधरा, मधे इंग्रजी अक्षर, चाळीस."

पुस्तकातल्या ज्या पट्ट्या आमच्या हवेला चालत होत्या, त्यांत पंधरा-चाळीस होतं. मी दुकानदाराला म्हटलं, "याच आकड्याचं, पण पेट्रोल गाडीचं द्या." त्यानं डबा काढून काउंटरवर ठेवला.

"म्हनजे मी म्हनलो तेच झालं," मामाजी म्हणाले. "आकडा माहाच."

"पेट्रोलचंच पायजे, हे कोन म्हनत होतं?" बाबा म्हणाले.

मी दोघांना सांगितलं, की डबा माझा आहे आणि गाडीही माझी आहे. दुकानदार म्हणाला, ताई, चहा सांगू का, हे लवकर मिटणार नाही.

ऑइल भरलं. पहिल्या थंड सकाळी टकटक झाली, पण एकदा-दोनदा होऊन लगेच थांबली. गाडीखाली आम्ही एक जुना पुठ्ठा ठेवला, गळतं का बघायला. मामाजी रोज उठल्यावर तोंड धुवायच्या आधी तो पुठ्ठा बघत आणि बाबांना फोन लावत, आता माझ्याशिवाय. "एक थेंब हाये, इवाई. हो, कालचाच. नाई, वाढला नाई." मी विहिरीवरून येताना ऐकायची. ऑइलनंतर पावसाची चौकशी, मग हळदीची, मग गुडघ्यांची. पुठ्ठ्यावरचा थेंब थोडा मोठा झाला, मग टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं, तो कमी झाला. पार गेला मात्र कधीच नाही. बाबा फोनवर म्हणाले, "एवढं तं आपूनबी गळतो."

बाबांची एक शंका उरली होती. उन्हाळ्यात ऑइल पातळ पडलं तर गाडी थांबलेली असताना समोरचा ऑइलचा लाल दिवा लागेल. ते वाट बघत होते. चैत्रात लागला नाही. वैशाखात त्यांना राहवलं नाही, ते स्वतः अनसिंगला आले आणि म्हणाले, मला भर दुपारी बाजारात घेऊन चल. मामाजीही निघाले. मी वांग्याची पोती डिकीत टाकली आणि त्या दोघांना मागे बसवलं. उशी आता बाबांच्या पाठीमागे होती, मधे कोणी काही ठेवलं नव्हतं.

वाशीमच्या बाजाराच्या तोंडाशी गर्दी तशीच होती जशी रोज असते. पुढे ऊस भरलेली बैलगाडी, बाजूला टेम्पो, मागे ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून. गाडी तव्यासारखी तापली. दोघंही मागून पुढे वाकले, एकेक डोकं माझ्या एकेका खांद्याशी, आणि दिव्याकडे बघत राहिले. मला घाम पुसायलाही जागा नव्हती.

"लागला का?"

"नाई."

"तो लाल कायचा?"

"तो दरवाजाचा हाये, इवाई. तुमच्या बाजूचा बरोबर लागला नाई."

बाबांनी दार उघडून पुन्हा जोरात ओढलं. तो दिवा गेला. दुसरा आलाच नाही. गर्दी सरकली, पुन्हा थांबली, पुन्हा सरकली, आणि शेवटी मला रसवंतीसमोर जरा जागा मिळाली. दोघंही खाली उतरले. बाबा म्हणाले, "बरं हाये तं मंग पंधरा-चाळीस," आणि मामाजींनी दोन रस सांगितले.

वाहतुकीचा पोलीस शिट्टी वाजवत आला, म्हणाला इथं थांबू नका. मी काच खाली करून हाक मारली, पण त्या दोघांना ऐकू गेलं नाही. ते बाकावर बसून रस पीत होते आणि बोटांनी हवेत काहीतरी मोजत होते, बहुधा टायरमधल्या हवेवरून वाद सुरू झाला असावा. मग मी गाडी काढली, वांगी आडत्याकडे उतरवली, चौकातून वळसा घेऊन आले. ते अजून बोलत होते. मी हॉर्न वाजवला नाही. आणखी एक फेरी मारायला निघाले.